बसलं म्हणजे चाललं असं नाही



चाकणला किंवा भोसरीला कारखान्यात लाइनवर काम केलेल्या बाईला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. पार्ट दिसण्यावरून घ्यायचा नसतो, नंबर बघून घ्यायचा असतो. दोन ब्रॅकेट जुळ्या बहिणींसारखे दिसतात, पण एक डावीकडचा असतो आणि एक उजवीकडचा. आज आपण लॅपटॉपच्या वायफाय कार्डाबद्दल बोलणार आहोत. तिथेही हाच नियम आहे. आम्ही तो विसरलो आणि पैसे घालवून पुन्हा शिकलो.

आधी हा विषय का, ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे त्याआधीचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. असे लॅपटॉप सेकंड हँड स्वस्तात मिळतात आणि त्यांवर लिनक्स छान चालतं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सची सुरुवात केली. ते फुकट मिळतं आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. उबुंटू, मिंट, डेबियन ही त्याचीच रूपं.

आमच्या बचत गटानं असाच एक लॅपटॉप घेतला, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. गटाचा हिशोब त्यावर ठेवायचा होता आणि मुलींचे आयटीआयचे, अप्रेंटिसशिपचे फॉर्म भरायचे होते. लिनक्स टाकलं, सगळं चाललं, पण वायफाय काही दिसेना. दुकानदार म्हणाले, “लॅपटॉपच बदला.” खरं तर बदलायचं होतं ते पोस्टाच्या तिकिटाएवढं एक कार्ड.

पण कार्ड विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, वायफायचं बटण बंद आहे का, विमान मोड चालू आहे का. हसू नका, बऱ्याचदा तेवढंच असतं. दुसरी, मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला त्यासाठी सहसा वेगळं काही घालावं लागत नाही, लगेच इंटरनेट मिळतं. आता सगळे अपडेट करून घ्या. तिसरी, तरीही वायफाय नाही आलं, तर आत कोणतं कार्ड आहे ते बघा.

ते असं बघायचं. टर्मिनल उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय लिहा, एक जागा सोडा, आडवी छोटी रेघ द्या, तिला लागून एन, एन, के लिहा आणि एंटर दाबा. मोठी यादी येईल. तिच्यात नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. त्या ओळीत चौकटी कंसात एक नंबर असतो, मध्ये दोन टिंबं असलेला. टिंबांच्या आधीचा भाग कंपनीचा, नंतरचा त्या चिपचा. उदाहरणार्थ, इंटेलचा नंबर ८०८६. हाच खरा पार्ट नंबर. खाली ‘ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल, तर लिनक्सनं ते कार्ड ओळखलंय. ती ओळच नसेल, तर त्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय? चिपची भाषा समजणारा दुभाषी. कार्ड बनवणाऱ्यानं माहिती खुली केली असेल, तर हा दुभाषी लिनक्सच्या आतच बसलेला असतो. माहिती दिली नसेल, तर तो बाहेरून आणून बसवावा लागतो, आणि लिनक्सचं मोठं अपडेट आलं की कधी कधी पुन्हा बिघडतो. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपचं असंच आहे. शिवाय चिपला स्वतःची एक छोटी फाइल लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. पूर्वी डेबियनमध्ये ती वेगळी शोधावी लागायची. २०२३ च्या डेबियन १२ पासून ती इन्स्टॉलरमध्येच येते.

आता आमची चूक ऐका. इंटेलची कार्डं लिनक्सवर चांगली चालतात असं कळलं, म्हणून आम्ही एएक्स २०१ मागवलं. स्लॉटमध्ये बरोबर बसलं, स्क्रूही लागला, पण वायफाय शून्य. आम्हाला हवं होतं एएक्स २००. फरक एका आकड्याचा. एएक्स २०० हे अख्खं कार्ड आहे. एएक्स २०१ हे अर्धं कार्ड आहे. त्याचं उरलेलं काम इंटेलच्या काही ठरावीक नव्या प्रोसेसरच्या बाजूलाच होतं. त्या जोडीदाराशिवाय ते मुकं. एएमडीच्या प्रोसेसरवर तर ते चालतच नाही. एएक्स २१० आणि एएक्स २११ यांचं असंच, आणि ९२६० व ९५६० यांचंही. प्रत्येक जोडीत पहिलं अख्खं, दुसरं अर्धं.

कारखान्यात आपण पोका-योके म्हणतो ना, चुकीचा पार्ट बसूच नये म्हणून केलेली खाच? या कार्डांच्या कडेलाही तशी खाच असते. पण इथे दोन्ही कार्डं एकाच स्लॉटमध्ये बसू शकतात, म्हणून पोका-योके इथे उपयोगाचा नाही. बसलं म्हणजे चाललं असं नाही. नंबर वाचायलाच लागतो.

आता घेताना काय बघायचं? आधी स्लॉट. साधारण २०१५ नंतरच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एम.२ असतो, कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. त्याआधीच्यात मिनी पीसीआय एक्स्प्रेस, ते जरा रुंद. दोन्हींच्या अँटेनाच्या वायरींची टोकंही वेगळ्या मापाची. मग चिप. एम.२ साठी इंटेल एएक्स २०० किंवा एएक्स २१०, किंवा मीडियाटेक एमटी ७९२१. जुन्या स्लॉटसाठी इंटेल ७२६० किंवा अथेरॉस एआर ९४६२. मग लिनक्सच्या कर्नलचं वय. एएक्स २०० ला कर्नल ५.१ लागतं, एएक्स २१० ला ५.१०. नवं कार्ड आणि फार जुनं लिनक्स, हा संसार जमत नाही. आणि काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप त्यांनी मान्य केलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. आपल्या मॉडेलचं तसं आहे का, हे आधी विचारून घ्या.

लॅपटॉप उघडायचाच नसेल, तर यूएसबीचं वायफाय घ्या. पण तिथेही नुसत्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन ७२२एनचं उदाहरण घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच, आतलं माणूस वेगळं. म्हणून खोक्यावरची आवृत्तीही वाचा.

कार्ड बदलणं अवघड नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडलं की बॅटरीची जोडणी काढा. इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात, तो नसेल तर आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. टोकं सरळ वर उचला, ओढू नका. एक स्क्रू काढला की कार्ड तिरपं वर येतं. नवं तसंच तिरपं घाला, दाबा, स्क्रू लावा.

आणि लॅपटॉपच घ्यायचा असेल, तर पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन दुकानात जा. काही इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू करून बघा. वायफायची यादी दिसली, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलं गेलं, तरच पैसे द्या. भाजी आपण हातात घेऊन बघतो, मग लॅपटॉप का नको?

आमच्या लॅपटॉपमध्ये आता एएक्स २०० आहे. अप्रेंटिसशिपचा पहिला फॉर्म त्यावरूनच गेला. एएक्स २०१ डबीत ठेवलंय, त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘आधी नंबर वाचा.’