पॉवर टिलरसाठी दुसरे इंजिन निवडताना

पॉवर टिलरचे इंजिन थकले की, पंपावरचे इंजिन पडून आहे, तेच बसवू, असा विचार मनात येतो. त्याआधी धूर पाहावा. धूर काळा असल्यास प्रथम एअर क्लीनर व नोझल तपासून घ्यावे. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. तेव्हाही पिस्टन, रिंगा व लायनर बदलून पुष्कळदा काम भागते.

इंजिन बदलायचेच ठरले, तर केवळ अश्वशक्ती सारखी असून चालत नाही. फेरेही जुळवावे लागतात. समजा, जुने इंजिन मिनिटाला २००० फेरे देत होते व त्याची पुली १२ सें.मी. व्यासाची होती. नवे इंजिन १५०० फेऱ्यांचे असल्यास पुली १६ सें.मी. लागेल (१२ × २००० ÷ १५००). ती गार्डमध्ये मावते का, हे मापून पाहावे. ३६०० फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनाला हाच हिशेब पावणेसात सें.मी.च्या आसपास येतो. एवढ्या लहान पुलीवर व्ही-बेल्ट घसरतो व लवकर झिजतो.

कमी फेऱ्यांचे इंजिन बहुधा जड असते. कोकणातल्या भातखाचरात चिखलणी करताना असा टिलर पुढे झुकतो, वळवताना हात भरून येतात.

फिरण्याची दिशा मात्र दुकानातच, पुली येणार त्या बाजूला उभे राहून, इंजिन चालू करून पाहावी. ती उलटी असेल, तर पुढच्या गिअरमध्ये टिलर मागे येईल आणि रोटरीची पाती चालवणाऱ्याच्या पायाजवळच असतात! खरेदीला जाताना जुनी पुली व इंजिनाच्या बोल्टांमधील अंतरे मांडलेला कागद सोबत न्यावा.