सूतकताईपूर्वीच्या हातप्रक्रिया : कापूस ते पेळू

प्रस्तावना :
हातकताईचा विचार करताना चरखा प्रथम डोळ्यांसमोर येतो. परंतु सुताची समानता व मजबुती पुष्कळ अंशी कापूस चरख्यावर येण्यापूर्वीच ठरते. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर आकारास आलेल्या नई तालीममध्ये कताईबरोबर या पूर्वप्रक्रियाही शिकविल्या जात. प्रस्तुत लेखात त्यांचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट केले आहे.

सरकी काढणे :
वेचलेल्या कापसातील पालापाचोळा व कवडी निवडून तो उन्हात वाळवितात. कारण ओलसर कापसातून सरकी सहज सुटत नाही. लाकडी पाटावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटली असता सरकी पुढे निसटते व रुई मागे राहते. हातचरकीत दोन रूळ परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. त्यांच्या फटीतून रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडेच राहते. वजनाने कापसाचा सुमारे एक तृतीयांश भाग रुईचा असतो.

पिंजणे व पेळू करणे :
धनुष्याकृती पिंजणाची ताणलेली तात लाकडी ठोकळ्याने छेडली की तिच्या कंपनाने रुईचे तंतू सुटे होतात व कचरा खाली गळतो. दाबून गाठी बांधलेली रुई मोकळी करण्यास जास्त पिंजावे लागते. ताज्या रुईला ते श्रम पडत नाहीत. पिंजलेली रुई फळीवर पातळ पसरून काडीभोवती वळतात आणि काडी ओढून घेतात. हाच पेळू होय. तो सारखा भरला नसेल, तर सूत कोठे जाड, कोठे बारीक निघते.

सरकीचा प्रश्न :
घरी सरकी काढली की ती घरातच राहत असे. जनावरांचे खाद्य आणि पुढील वर्षाचे बियाणे म्हणून ती उपयोगी पडे. कारखान्यात अनेकांचा कापूस एकत्र आल्याने वाणांची सरमिसळ होऊ लागली. भेसळीचा माग लागावा म्हणून १९२५ च्या कायद्याने गाठींवर कारखान्याची खूण आवश्यक केली. परंतु त्यामुळे शेतकऱ्याचे निवडक बियाणे त्याच्याकडे परत आले नाही. २००२ मध्ये बीटी कापसास मान्यता मिळाल्यानंतर संकरित वाणांचा प्रसार झपाट्याने झाला. संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरल्यास पीक एकसारखे येत नाही. म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते.

निष्कर्ष :
केवळ चरखा वाटल्याने वस्त्रस्वावलंबन साधत नाही. देशी सरळ वाण, हातचरकी, पिंजण आणि चरखा यांची साखळी अखंड असेल, तरच सूत आणि बियाणे ही दोन्ही गावात राहतील.