इंजेक्शन काढा, कार्बोरेटर बसवा?

इंजेक्शनची मोटारसायकल कार्बोरेटरवर आणण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं काम पुण्याच्या बजाज ऑटोने केलं. २००७ साली कंपनीने 'पल्सर २२० डीटीएस-एफआय' बाजारात आणली. ऑइल कूलर, मागच्या चाकालाही डिस्क ब्रेक आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन, हे सगळं एकाच देशी गाडीत मिळणं तेव्हा नवलाचं होतं. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, कंपनीने ती २२० कार्बोरेटरवर आणली. ताकद घटली नाहीच, उलट २० पीएसवरून २१ वर गेली. किंमत खाली आली आणि 'सर्वांत वेगवान भारतीय' म्हणून मिरवत गाडी धडाक्यात विकली गेली. पुढे १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि २२० ला मुकाट्याने पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागलं.

वसई-विरारमध्ये 'इंजेक्शन काढून टाकू, कार्बोरेटर बसवून देतो' म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याच्या हाती हा दाखला आयताच आहे. कंपनीने केलं, मग आपण का नाही? प्रश्न चुकीचा नाही. उत्तर मात्र कार्बोरेटर उघडून मिळत नाही, ते गाडीच्या वायरिंगमध्ये दडलेलं आहे.

हा विचार वसईत सुचतो त्याला कारण आहे. एका बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं, वर जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या आणि मिठागरांतल्या वस्तीला वेढा पडला, ते अजून कुणी विसरलेलं नाही. अशा हवेत तांब्यावर हिरवं किटण चढायला वेळ लागत नाही. इंजेक्शनच्या गाडीत तर पावलोपावली कपलर आहेत: थ्रॉटलचा सेन्सर, हवेच्या दाबाचा, इंजिनच्या तापमानाचा, सायलेन्सरमधला ऑक्सिजनचा, क्रँकजवळचा. यातल्या एकाच पिनेवर किटण चढलं तरी मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी मिसिंग करू लागते. आगाशी-निर्मळकडून पहाटे भाजी, फुलं किंवा दूध घेऊन निघालेल्या माणसाला त्या वेळी स्कॅनरवाला मेकॅनिक कुठून मिळणार?

कार्बोरेटरची गोष्ट वेगळी. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. याला वीज लागत नाही. फ्लोटच्या वाटीत पाणी शिरलं तर खालचा स्क्रू सैल करून ते सोडून द्यायचं. जेट तुंबला तर फुंकर मारायची. रस्त्याच्या कडेला, दोन स्क्रूड्रायव्हर आणि एका पान्यावर होणारं हे काम आहे, आणि म्हणूनच जुन्या मिस्त्रींचा त्याच्यावर जीव आहे. माझाही आहे, हे लपवत नाही.

पण अडचण कार्बोरेटर बसवण्यात नाहीच. तो बसतो. रबर जुळवता येतं, एक्सलेटरची केबल बदलता येते. टाकीतला पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो, तो काढून तळाशी साधा कॉक लावावा लागतो. हेही जमतं. घोडं अडतं ते ठिणगीपाशी. इंजेक्शनच्या गाडीत जो ईसीयू, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, पेट्रोल मोजतो, तोच प्लगला ठिणगी कधी द्यायची हेही ठरवतो. तो काढला की ठिणगीही गेली. मग सीडीआय किंवा तसा दुसरा इग्निशन युनिट हवा, आणि त्याला मॅग्नेटवरून मिळणारा इशारा त्याच्या ओळखीचा हवा. इंजेक्शनच्या मॅग्नेटवर बहुधा बरेच दाते असतात आणि एखादा मुद्दाम गाळलेला असतो. त्या गाळलेल्या जागेवरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. साध्या सीडीआयला एकच ठळक इशारा लागतो. त्याच्यापुढे दात्यांची रांग ठेवली, तर ठिणगी भलत्याच वेळी पडते. गाडी चालू होते, पण चढावर ठोके मारते, एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके फोडते आणि काही महिन्यांत पिस्टन हातात येतो. म्हणून मॅग्नेट, पिकअप कॉइल, इग्निशन आणि वायरिंग असा सगळा जोड बदलावा लागतो. ईसीयू जागेवर ठेवून फक्त ठिणगीसाठी वापरायचा, असाही जुगाड करतात. पण ज्या कपलरांचा वैताग होता, ते मग तिथेच राहतात.

बजाजला २००९ मध्ये हे साधलं, कारण कंपनीने नुसता भाग बदलला नाही. इग्निशन, टाकी, वायरिंग, जेटचा आकार हे सगळं त्या इंजिनासाठी नव्याने ठरवलं. आणि असं नवं मॉडेल सरकारमान्य चाचणी संस्थेतून पार झाल्याशिवाय कुणालाच विकता येत नाही. पुण्यात १९६६ पासून असलेली एआरएआय ही अशीच एक संस्था. गॅरेजमध्ये जेट निवडतात तो बहुधा प्लगचा रंग पाहून. हे कसब अस्सल आहे, पण त्याने एका किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडला ते कळत नाही. बीएस-६ मध्ये मोटारसायकलसाठी ती मर्यादा १ ग्रॅम आहे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखलं तर. ते प्रमाण क्षणोक्षणी तपासतो ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे आपण काढून फेकलेला. पीयूसी केंद्रावर गाडी उभी असताना मिक्श्चरचा स्क्रू फिरवून पास होणं शक्य आहे. त्याने कागद मिळतो, हवा सुधारत नाही.

त्यात आता इथेनॉल आलं. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. शुद्ध इथेनॉलला जळायला ९ ला १ इतकीच हवा लागते, त्यामुळे या मिश्रणाचं योग्य प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या सांगण्यावरून आपोआप थोडं जास्त पेट्रोल सोडते. कार्बोरेटरचा जेट पितळेचा, त्याला काही कळत नाही. जुन्या पेट्रोलसाठी बसवलेला जेट नव्या पेट्रोलवर इंजिन उपाशी आणि गरम चालवतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि वसईच्या हवेत ओलीची टंचाई कधीच नव्हती. गाडी महिनाभर उभी राहिली तर वाटीत पाणी साचतं आणि जेटवर चिकट थर बसतो. ज्या साधेपणासाठी एवढा खटाटोप केला, तो साधेपणा पेट्रोलनेच काढून घेतला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरतो, हे वेगळंच.

एक अपवाद मला पटतो. २००७ ते २००९ मधली मूळ डीटीएस-एफआय कुणी जपली असेल आणि तिचे इंजेक्शनचे भाग मिळत नसतील, तर २००९ नंतरच्या कार्बोरेटरवाल्या २२० चे भाग वापरणं शहाणपणाचं आहे. तिथे जेटपासून इग्निशनपर्यंतचं गणित कंपनीने आधीच सोडवून ठेवलं आहे. पण काही हलवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या. या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी संपली आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासली जाते.

बाकीच्यांनी मेच्या शेवटी एक सकाळ काढा. बॅटरी तपासून घ्या. इंजेक्शनच्या पंपाला आणि ईसीयूला पुरेसा व्होल्टेज मिळाला नाही तर गाडी चालू होत नाही, आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी येतो. प्रत्येक कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, वीज न वाहणारं ग्रीस लावा. पेट्रोल फिल्टर बदला. इंजिनात पाणी शिरलं असेल तर स्टार्टर दाबू नका. कार्बोरेटरच्या गाडीतही तो दाबला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हे सगळं करूनही दिवा विझला नाही, तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जाऊन बिघाडाचा कोड वाचून घ्या. एक सेन्सर बदलणं हे मॅग्नेट, सीडीआय, वायरिंग, टाकीचा कॉक आणि कार्बोरेटर घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. बीएस-६ गाडीला कार्बोरेटर लावू नका.