सातव्या भागानंतर

शाळेच्या देवघेव रजिस्टरात एकाच मुलाच्या नावापुढे तोच दाखल क्रमांक पुन्हा दिसला, की मी समजतो: सातही भाग संपले आणि पोरगं परत पहिल्यावर आलं. 'हॅरी पॉटर आणि परीस'ची आमची प्रत कण्याला चिकटपट्टी लावून कशीबशी उभी आहे. जिल्ह्यातली आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगावकडून जाते. आमच्या मेहकर तालुक्यात एसटीच. तरी आमची मुलं हॉगवर्ट्सच्या गाडीत बसून आलेली असतात.

पालकसभेत तक्रार ठरलेली, "तेच ते वाचते." मग कुणीतरी सुचवतं, ते पुस्तक कपाटात कुलूपबंद करा आणि 'श्यामची आई' द्या. 'श्यामची आई' थोरच आहे, पण शिक्षा म्हणून हातात आलेलं पुस्तक कोण वाचेल? आवडतं पुस्तक काढून घेतलं की मूल मोबाइलकडे वळतं, दुसऱ्या पुस्तकाकडे नाही. म्हणून हॅरी कपाटाच्या बाहेरच राहतो.

वाचनालयाच्या तासाला 'हे का आवडतं' असं मी विचारत नाही. त्याला मुलं परीक्षेतलं उत्तर देतात. त्याऐवजी मिटलेलं पुस्तक उजेडात आडवं धरायचं. पानांच्या कडेवर जिथे बोटं जास्त फिरली, तिथे काळपट पट्टे दिसतात. आमच्या प्रतीत एक पट्टा हॅरी कांडी घ्यायला जातो तिथे आहे, दुसरा शेवटच्या कोड्यांपाशी. "यातलं तुझं पान कोणतं?" म्हटलं की मूल बरोबर ते उघडतं. कुणाला वस्तू हव्या असतात, कुणाला कोडी, कुणाला राक्षस, कुणाला नुसतं घर सोडून लांब जाणं. पुढचं पुस्तक त्या पानाला जोडून निघतं, मुलाच्या इयत्तेला जोडून नाही.

कोड्यांवाल्यांचं सोपं असतं. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादात मराठीत आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला हा पोरगा खेड्यातल्या मुलांना लगेच आपला वाटतो. पण पुस्तक नुसतं हातात देऊन भागत नाही. मुखपृष्ठ बघूनच प्रश्न येतो.

"सर, याच्यात जादू हाये का?"

"नाही."

"मंग कायले देता?"

अशा वेळी देतच नाही. मोठ्याने वाचायला लागतो, गाठ घट्ट बसली की थांबतो, पुस्तक टेबलावर ठेवून हजेरीकडे वळतो. घंटा झाल्यावर ते टेबलावर क्वचितच सापडतं. ज्यांना जादूच हवी, त्यांच्यासाठी 'चांदोबा'चे जुने अंक आहेत. विक्रम-वेताळाच्या शेवटच्या प्रश्नावर वर्गात भांडण जुंपतं, आणि त्या गोंगाटाबद्दल मला शेजारच्या वर्गाचे टोमणे खावे लागतात.

राक्षसवाल्यांसाठी मात्र आपला जिल्हा नशीबवान. लोणारची सहल बहुतेकांची झालेली असते. लोणासुराची गोष्ट, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारल्याची, आजीने सांगितलेली असते. ती पाडून विज्ञान उभं करायची घाई मी करत नाही. आधी ती त्यांच्याकडूनच ऐकतो. मग फळ्यावर गोल काढून सांगतो, हे विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे, काळ्या बेसॉल्टमध्ये आहे. ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बराच काळ चालला. खोदून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच बनणारं काचेसारखं खनिज सापडलं आणि १९७३ साली उल्केच्या बाजूने भक्कम पुरावा मांडला गेला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

सातवीतला एक जण हे ऐकून गप्प बसला होता. त्याच्यापुढे जयंत नारळीकरांचं 'अंतराळातील भस्मासुर' सरकवलं. नावातला असुर बघून त्याने ते नेलं. परत आणलं तेव्हा कुरकुर होतीच, "असुर नुसता नावालेच हाये." पण लगेच विचारलं, "याइचं दुसरं हाये का?" 'यक्षांची देणगी' देऊन टाकलं. मधे त्याने पुन्हा हॅरीचा चौथा भागही नेला. माझी हरकत नाही. एका पायरीवरून दुसरीवर कायमचं जावं, असं वाचन होत नसतं.

अडचण येते ती लांब जाणाऱ्यांची. टिपेश्वरचा वाघ, लोक त्याला वॉकर म्हणतात, २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून निघाला, तेलंगणात शिरला, शेतं-रस्ते ओलांडत वर्षाअखेर आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची सुमारे ३,००० किलोमीटरची पायपीट नोंदली गेली. यापेक्षा मोठी मोहीम कोणत्या कादंबरीत आहे? पण त्याच्यावर मुलांनी वाचावं असं पुस्तक आमच्या कपाटात नाही. शेवटी कात्रणं वहीत चिकटवली, नकाशा काढून मार्ग लाल पेनने आखला आणि वहीला रीतसर दाखल क्रमांक दिला. सध्या ती सहावीतल्या एका मुलीकडे आहे. मुदत उलटून गेली, दोनदा मागितली, "नकाशा उतरून घ्यायचा राह्यला" म्हणते.