नकाशाची मासिक बैठक

महसूल खात्याच्या कारकुनींत आयुष्य गेल्यामुळें नकाशाचें महत्त्व मला निराळें शिकावें लागलें नाहीं. पण त्याचें अपुरेपण मात्र मला एका पावसाळ्यानें शिकविलें. नदीला पूर आला असतां मदतीस आलेल्या परगांवच्या मंडळींच्या हातीं मीं गांवचा नकाशा दिला. त्यांत गट नंबर होते, हद्दी होत्या. परंतु मळ्यांतील वस्तीचें नांव नव्हतें व तेथें जाणारी पाणंदही नव्हती. अखेर एका गुराख्याच्या पोरानें वाट दाखविली.

त्या पोरास जें ठाऊक होतें तें नकाशावर कसें आणावें, याचा एक वस्तुपाठ विलायतेंत झालेला आहे. तो शेतकरी बंधूंपुढें ठेवावा असें वाटतें.

इंग्लंडांत सरकारी मोजणीचे नकाशे उत्तम. पण ते वापरण्यास त्या काळीं दाम मोजावे लागत. म्हणून स्टीव्ह कोस्ट या गृहस्थांनीं २००४ सालीं ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नांवाचा, कोणासही भर घालतां येईल व फुकट वापरतां येईल असा नकाशा सुरू केला. मे २००६ मध्यें या कामाची गोडी असलेली मंडळी आइल ऑफ वाइट बेटावर जमली आणि जीपीएस यंत्रें बरोबर घेऊन तिनें तेथील रस्ते टिपले. पुढें अशा बैठकी ठिकठिकाणीं भरूं लागल्या.

ता. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भयंकर भूकंप झाला. तेव्हां देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून राजधानीचे रस्ते रेखाटले व तो नकाशा मदतपथकांच्या उपयोगीं पडला. २०१४ मध्यें रेड क्रॉस आदि संस्थांनीं ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम काढला, आणि लंडनमध्यें दरमहा एका संध्याकाळीं त्याच्या बैठकी भरूं लागल्या. रीत अशी कीं, नवखी मंडळी छायाचित्रांवरून घरें व रस्ते रेखाटतात. जाणते तें काम तपासतात. नंतर त्या मुलखांतील रहिवासी गांवांचीं व वाटांचीं नांवें भरतात. पहिलीं दोन कामें दुरून होतात. तिसरें मात्र तेथल्याच माणसानें करावें लागतें.

आपल्या गांवींही हें होण्यासारखें आहे. दरमहा एका संध्याकाळीं चावडीवर जमावें. मोबाइल चालविणारा एक तरुण व शिवार पायांखालीं घातलेला एक वृद्ध जवळ बसवावा. एका महिन्यांत पाणंदी, दुसऱ्यांत विहिरी व वस्त्या, तिसऱ्यांत पुराचें पाणी चढणारे ओढे, असा क्रम ठेवावा.

मात्र एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. मोबाइलचें ठिकाण मोकळ्या आकाशाखालींही सुमारें ५ मीटर, म्हणजे १६ फूट चुकूं शकतें. आपली जुनी साखळी ३३ फुटांची. तेव्हां ही चूक जवळजवळ अर्ध्या साखळीची झाली! बांधाचे तंटे तर हातादोन हातांवरून होतात. यास्तव हा नकाशा हद्दीचा पुरावा म्हणून कोणीं पुढें करूं नये. हद्दीसाठीं सरकारी मोजणीच करवावी. तंट्यांतली वाटही त्यांत चढवूं नये.

इतकें पथ्य पाळून पावसाळ्यापूर्वीं तीन बैठकी झाल्या, तर पुढच्या पुरांत मदतीच्या मंडळींस गुराख्याचें पोर शोधीत बसावें लागणार नाहीं.