‘हिअर’ की ‘लिसन’?

आजची शब्दजोडी आपल्या रेडिओच्या कामाची आहे.

वेंटवर्थव्हिल स्टेशनवर तुम्ही गाडीची वाट बघत उभे आहात. घोषणा होते, कानावर पडते, पण लक्ष फोनमध्ये. म्हणजे घोषणा ऐकू आली, पण तुम्ही ती ऐकली नाहीत. ऐकू येणं म्हणजे ‘हिअर’ आणि लक्ष देऊन ऐकणं म्हणजे ‘लिसन’.

मराठीत हा फरक आहेच. ‘मला ऐकू येतं’ म्हणताना आवाज आपोआप येतो, तिथे ‘हिअर’. ‘मी गाणी ऐकतोय’ म्हणताना मी मुद्दाम काही करतो, तिथे ‘लिसन’. एक अपवाद लक्षात ठेवा. ‘तुम्ही घर घेतलंत असं ऐकलं’ इथे बातमी कानावर आली, म्हणून ‘आय हर्ड’.

आता व्याकरण. ‘लिसन’नंतर कोणाचं किंवा काय ते सांगायचं तर ‘टू’ हवंच: ‘लिसन टू मी’. ‘हिअर’ला ते लागत नाही. फोनवर आवाज येत नसेल तर ‘आय कान्ट हिअर यू’ म्हणा. ‘आय अ‍ॅम नॉट हिअरिंग यू’ हे आपल्या ‘ऐकू येत नाहीये’चं शब्दशः भाषांतर झालं. ‘आय अ‍ॅम लिसनिंग’ मात्र अगदी बरोबर.

खरी गफलत होते ती डॉक्टरांकडे. ‘मुलगा ऐकत नाही’ म्हणजे मराठीत ‘सांगितलेलं करत नाही’. इंग्रजीतही ‘ही डझन्ट लिसन’ म्हटलं, तर डॉक्टरांना तो हट्टीपणा वाटू शकतो. पण मागून हाक मारल्यावर त्याला ऐकूच येत नसेल, तर ‘ही डझन्ट हिअर मी’ असं स्पष्ट सांगा. कानाच्या पडद्यामागे द्रव साठला, की मुलांना कमी ऐकू येतं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं दुर्लक्ष करतंय. जन्मानंतरची श्रवण तपासणी ठीक आली असली, तरी हा त्रास पुढे होऊ शकतो. इंग्रजीत सांगणं अवघड वाटलं, तर भेटीची वेळ ठरवतानाच दुभाषी मागा. सरकारी दुभाषी सेवेचा क्रमांक आहे १३१ ४५०.

तेव्हा मुलावर रागावण्याआधी एकदा विचारून बघा: तो ऐकत नाहीये, की त्याला ऐकू येत नाहीये?

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!