रेडीच्या जांभ्यात हाडं का टिकत नाहीत?

वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीत खनिजासाठी आजवर डोंगरच्या डोंगर उकरले गेले. मग प्राण्यांच्या अवशेषांनी भरलेला एखादा थर इथे का लागत नाही?

पहिलं कारण वयाचं. रेडीचा लोहयुक्त खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्या काळी हाडं असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. दुसरं कारण त्यावरचा जांभा. त्याचा चिरा हातात घेऊन पाहा: लोहाच्या तांबड्या भिंती आणि मधल्या छिद्रांत पिवळसर माती. मुळांमधून झिरपताना पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं. ते खडकातले विरघळणारे घटक वाहून नेतं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. अशा पाण्यात शिंपल्यातलं चुन्याचं द्रव्य आणि हाडातलं कॅल्शियम फॉस्फेटही विरघळतं.

अवशेष टिकायला ते झटपट पुरले जावे लागतात आणि भोवतालची माती अनुकूल असावी लागते. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ साचला होता. त्यात सहा कोटी वर्षांपूर्वीचे इवले बेडूक सांगाड्यांसह सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. आज ते ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणून ओळखले जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्या काळची अश्मीभूत विष्ठाही मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण आढळल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं आणि गवताचा इतिहास मागे सरकला.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातही सगळं पुसलेलं नाही. काही ठिकाणी जांभ्याखाली काळपट चिकणमाती आणि लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, आहे, साधारण मायोसीन काळातलं. त्यात परागकण टिकलेत. परागकणाचं कवच आम्लाला दाद देत नाही. प्रयोगशाळेत तर खडक तीव्र आम्लात विरघळवूनच ते वेगळे काढतात. त्याचा वैरी प्राणवायू, आणि घट्ट चिखलात तो पोचत नाही. या परागकणांवरून इथली जुनी जंगलं आणि हवामान कळतं.

म्हणून विहीर खणताना जांभ्याखाली काळी माती लागली, तर ती फेकू नका. किती खोलीवर लागली ते लिहा, कापाचा फोटो काढा. थोडी ओली माती पिशवीत बंद करून जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे पोचवा. उघड्यावर वाळली की तिच्यातले परागकण खराब होऊ लागतात.